गिगाबिटचा आकडा शेवटी बघा

मित्रहो, राउटरच्या, म्हणजे जाळ्यातली वाहतूक योग्य वाटेला लावणाऱ्या यंत्राच्या, माहितीपत्रकात सगळ्यात ठळक छापलेला असतो तो गिगाबिटचा, म्हणजे सेकंदाला माहिती किती जाते त्याचा, आकडा, आणि खरेदी समितीतला वादही त्याच्यावरच होतो. माझं म्हणणं असं, की तो शेवटी बघा. आधी विचारा, याच्यात मार्ग, म्हणजे कुठल्या पत्त्याकडे कुठून जायचं त्याच्या नोंदी, किती मावतात आणि सेकंदाला पॅकेटं, म्हणजे माहितीचे तुकडे, किती जातात?

मार्गांचं आधी सांगतो. 12 ऑगस्ट 2014 हा दिवस आपल्या क्षेत्रातल्या माणसानं विसरू नये. इंटरनेटवरची जाळी एकमेकांना मार्ग कळवतात ती पद्धत म्हणजे बीजीपी; तिचा पूर्ण तक्ता तेव्हा पाच लाखांच्या पुढे गेला होता. मार्ग झटकन शोधायला राउटरमध्ये टीकॅम नावाची मेमरी असते. ती महाग आणि वीज खाणारी, म्हणून बेतानंच बसवतात. सिस्को कंपनीच्या 6500 आणि 7600 मालिकेतल्या पुष्कळ जुन्या यंत्रांत आयपीव्ही4च्या, म्हणजे जुन्या पद्धतीच्या इंटरनेट पत्त्यांच्या, वाट्याला मुळात 512 हजारांच्या आसपास नोंदी होत्या. त्या दिवशी अमेरिकेतल्या व्हेरायझन या दूरसंचार कंपनीच्या जाळ्यातून थोडा वेळ हजारो जादा मार्ग जाहीर झाले आणि वाटा भरला. उरलेल्या मार्गांचा भार साध्या प्रोसेसरवर पडला, यंत्रं रांगायला लागली, अनेक संकेतस्थळं गडगडली.

आणि उपाय केवढा होता? आयपीव्ही6चा, म्हणजे नव्या पद्धतीच्या पत्त्यांचा, वाटा कमी करून आयपीव्ही4चा वाढवणारी एक ओळ, मग रीबूट. सिस्कोनं मे महिन्यातच बजावलं होतं. पण मुख्य राउटर रीबूट करायची परवानगी मागून बघा! (हशा) हसताय, म्हणजे मागितलेली दिसतेय. आज तो तक्ता जवळपास दुप्पट झालाय, तरी निविदांमध्ये या क्षमतेचा रकानासुद्धा नसतो. एका मोठ्या संस्थेची निविदा मी वाचली, तिच्यात एका कंपनीचं माहितीपत्रक शब्दशः उतरवलेलं होतं, अगदी यंत्राच्या रुंदीसकट. मला याची फार चीड येते.

अध्यक्ष घड्याळ दाखवतायत, तेव्हा निवडीचं भराभर सांगतो.

आधी पॅकेटांचं. तारेवरून पॅकेट ज्या वेष्टनात जातं ती फ्रेम. दहा गिगाबिटची तार मोठ्या, 1518 बाइटच्या फ्रेमांनी भरायला सेकंदाला सुमारे 8 लाख 13 हजार पुरतात. 64 बाइटच्या असतील तर 1 कोटी 48 लाख लागतात. फोनवरचं बोलणं, डीएनएसच्या, म्हणजे संकेतस्थळाच्या नावावरून पत्ता शोधायच्या, चौकश्या हे सगळं बारीक पॅकेटांचं काम. तेव्हा चाचणी मिश्र आकारांची मागा, आणि तीही एनक्रिप्शन (माहितीचं सांकेतिकीकरण), नॅट (पत्ते बदलणं), क्यूओएस (वाहतुकीला अग्रक्रम देणं) सगळं चालू ठेवून.

दोन सेवादात्यांकडून पूर्ण तक्ता घेणार असाल, तरच मुख्यालयात मोठी टीकॅम घ्या. शाखेला एकच वाट असेल, तर तिथं डीफॉल्ट मार्ग, म्हणजे सगळं एकाच वाटेनं पाठवणारी एक नोंद, पुरतो, तो पैसा वाचवा. वीजपुरवठ्याचे दोन संच हवेत, दोन वेगळ्या यूपीएसवर. कोणत्या सुविधेला वेगळा परवाना लागतो, ते पाच वर्षांच्या खर्चासकट लेखी घ्या. सॉफ्टवेअरच्या सुरक्षा दुरुस्त्या कधीपर्यंत मिळणार, ती तारीख करारातच घाला. आणि ऑर्डर देण्याआधी यंत्र महिनाभर आपल्याच वाहतुकीवर चालवून बघा.