राजीखुशीने, अक्कलहुशारीने

मंडळी, विषय दिलाय तो मोठा आहे, 'बदलती कुटुंबव्यवस्था आणि व्यक्तीची निवड'. मी चुलीपासून सुरुवात करते.

इरावतीबाई कर्व्यांनी 1953 साली भारतातल्या नातेव्यवस्थेवर ग्रंथ लिहिला. त्यांच्या मते एकत्र कुटुंब म्हणजे एका छपराखाली राहणारी, एका चुलीवरचं खाणारी, मालमत्ता आणि देवपूजा सामाईक असणारी, ठरावीक नात्यानं बांधलेली माणसं. ही व्याख्या घेऊन कोल्हापूरजवळच्या करवीर तालुक्यातल्या एखाद्या गावात जा. वाड्याच्या मधोमध भिंत घातलेली असते. चुली दोन, रेशनकार्डं दोन, डेअरीत दुधाची खातीही दोन. पण विहीर एकच, मोटरीच्या पाळ्या ठरलेल्या, आणि चैत्रात जोतिबाला सगळे एकाच ट्रॉलीत. जनगणनेचा माणूस इथं दोन कुटुंबं मोजतो, कारण त्याची मोजपट्टी स्वयंपाकघराची. समाजशास्त्रज्ञ आय. पी. देसाईंनी गुजरातेतल्या महुव्यात हेच पाहिलं होतं: राहणं वेगळं झालं, तरी देण्याघेण्याचे आणि एकमेकांच्या अडीअडचणीचे धागे तुटत नाहीत. दुसरे समाजशास्त्रज्ञ ए. एम. शहा, त्यांचं तर सांगणं असं की 'घर' आणि 'कुटुंब' हे दोन शब्द एकमेकांत मिसळूच नका. तेव्हा 'हल्ली कुटुंबं मोडायला लागलीत' असं कुणी म्हणालं, की मी आधी विचारते, काय मोडलं? चूल की सात-बारा?

सात-बारा आला की हक्कसोड पत्र आलंच, म्हणजे बहिणीनं जमिनीतला आपला वाटा भावांसाठी सोडल्याचा कागद. इथं बसलेल्या किती बायकांनी त्यावर सही केलीय, हात वर करायला सांगत नाही. बऱ्याच हक्कसोड पत्रांत एक ठरीव वाक्य असतं, 'राजीखुशीने, अक्कलहुशारीने, कोणाच्याही दडपणाशिवाय'. आजोबा गेल्यावर माझ्या आत्यानं अशीच सही केली. त्या रानातल्या उसाच्या बिलावर माझी एम.ए.ची फी भरली गेली, म्हणून मी हे फार तोऱ्यात बोलू शकत नाही. मी तिला एकदा विचारलं, खरंच राजीखुशीनं केलीस का? ती म्हणाली, "जमीन काय डोक्यावर घिऊन जायची हाय? भावाचं दार उघडं ऱ्हायला पायजे."

हे बोलणं मी पुष्कळ वर्षं त्याग म्हणून ऐकलं. आता मला त्यात हिशेब दिसतो. नवऱ्याशी पटलं नाही, सासरी आजारपण आलं, तर जायचं कुठं? तिच्यापुढं एकच दुसरं छप्पर होतं, माहेरचं. त्याची किंमत तिनं जमिनीत मोजली. कायदा तिच्या बाजूनं सरकत गेला: हिंदू वारसा कायद्यात महाराष्ट्रानं 1994 साली अविवाहित मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मजात हक्क दिला, 2005 साली तो लग्न झालेल्या मुलींनाही देशपातळीवर मिळाला, आणि 2005 ची दुरुस्ती लागू झाली त्या दिवशी वडील हयात असायलाच हवेत असं नाही, हे 2020 साली सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं. सह्या मात्र अजूनही होतात. उघड्या दाराची हमी कायदा देत नाही ना.

आता उलटं बघा. मुलगी आपल्या पसंतीनं लग्न करते म्हणाली, की तिच्या राजीखुशीवर सगळ्यांना शंका. विशेष विवाह कायद्यानं, तो 1954 चा, कार्यालयात तीस दिवस नोटीस लागते आणि कुणीही हरकत घेऊ शकतो. हक्कसोडीनंतरच्या फेरफाराची, म्हणजे सात-बाऱ्यावरचं नाव बदलण्याची, नोटीस तलाठ्याच्या फळ्यावरही लागते म्हणा, पण 'पोरीवर दबाव तर नाही ना' म्हणून ती वाचायला कोणता मामा-काका जातो? जोडीदार निवडताना अक्कलहुशारी तपासायची आणि जमीन सोडताना गृहीत धरायची, ही आपली रीत.

शाहू महाराजांनी या कोल्हापूर संस्थानात 1917 साली विधवांच्या पुनर्विवाहाचा आणि 1919 साली आंतरजातीय विवाहाचा कायदा केला, ते आपण दर जयंतीला ऐकतो. मला त्यांच्या वसतिगृहांकडं बघावंसं वाटतं. 1901 पासून जातीजातींची बोर्डिंगं निघाली ती शिक्षणासाठी, पण त्यानं आणखी एक गोष्ट झाली. पोराला घराबाहेर पथारी टाकायला जागा मिळाली. निवड, स्वातंत्र्य, व्यक्तिवाद हे शब्द आम्ही समाजशास्त्रवाले फार वापरतो. पण वडिलांना 'नाही' म्हणायचं तर रात्री झोपायचं कुठं, हे आधी ठरलेलं लागतं. पोरांची ती सोय आधी झाली, पोरींची फार उशिरा.

आमच्याच घरातलं सांगते. आत्याच्या नातीनं गेल्या वर्षी हक्कसोडवर सही करायला नकार दिला. भाऊबीजेला तिला बोलावणं आलं नाही. ती राजारामपुरीत भाड्याच्या खोलीवर राहते, खाजगी कंपनीत नोकरी करते. त्या दिवशी आत्या आणि मी तिच्याकडं गेलो. एक पलंग, एक गॅसची शेगडी, खिडकीत तुळस. म्हणजे इरावतीबाईंच्या व्याख्येतली चूल तिथंही होतीच, खाणारी मात्र एकटी. आत्या पलंगावर बसली, भिंती बघितल्या, नळ सोडून पाणी येतंय का ते बघितलं. जिन्यातून उतरताना मला हळूच म्हणाली, "ह्या खोलीला भाडं किती पडतं गं?"