कडा तोच, माणसंही तीच

पडद्यावर बर्फ आहे. चित्र कृष्णधवल. पाठीवर ओझी घेतलेली माणसं स्कीवरून चालली आहेत. चालण्यात तोड नाही, पण तोंड उघडलं की अवघडतात. गॅदरिंगमध्ये एखाद्या सरांना आग्रहाने नाटकात उभं करावं, तशी.

त्यांना सांभाळून घ्या. हा येन्स-आंतोन पॉल्सन, हा क्लाउस हेल्बर्ग, हा आर्ने शेल्स्ट्रुप. यातला कोणीही नट नाही. सिनेमात जी कामगिरी ते करताना दिसतात, ती त्यांनी पाच वर्षांपूर्वी खरोखर केली होती.

हा सिनेमा 1948 सालचा, नॉर्वे आणि फ्रान्सने मिळून काढलेला. नाव ‘काम्पेन ओम तुंगतवाने’, म्हणजे जड पाण्यासाठीची झुंज. दिग्दर्शक दोन : झाँ द्रेव्हिल आणि तितुस व्हीबे-म्युलर. महायुद्ध संपून तीनच वर्षं झालेली, हात आखडता. पण जे पैशाने मिळत नाही ते यांच्याकडे होतं. शास्त्रज्ञ हवा, तर नोबेल मिळवलेले फ्रेडरिक जोलिओ-क्युरी स्वतः कॅमेऱ्यासमोर आले. फ्रेंच मंत्र्याच्या भूमिकेत 1940 मधले खरे मंत्री राउल दोत्री. आणि कमांडोंच्या भूमिकेत कमांडो.

झुंज कशासाठी होती? दक्षिण नॉर्वेत टेलेमार्क भागात र्युकान नावाचं गाव आहे. दोन्ही बाजूंना डोंगर, मध्ये खोल घळ. घळीच्या काठावर वेमोर्कचं जलविद्युत केंद्र. वीज मुबलक, म्हणून नॉर्स्क हायड्रो कंपनी इथे पाण्यापासून हायड्रोजन काढायची, खतासाठी. त्याच कामात 1934 पासून जड पाणीही मिळू लागलं, म्हणजे ज्यातला हायड्रोजन नेहमीपेक्षा जड असतो असं पाणी. आपल्याकडे अलिबागजवळ थळला खत कारखान्याच्या शेजारीच जड पाण्याचा प्रकल्प आहे, त्यामागचं नातंही हेच : हायड्रोजन.

अणुभट्टीत न्यूट्रॉनचा वेग कमी करायला जड पाणी चालतं. जर्मनीला अणुसंशोधनासाठी ते हवं होतं. 1940 च्या मार्चमध्ये फ्रेंचांनी वेमोर्कचा सगळा साठा, 185 किलो, गुपचूप विमानाने हलवला. महिन्याभरात जर्मन फौजा नॉर्वेत उतरल्या आणि कारखानाच त्यांच्या हातात गेला.

तो उडवायचा पहिला प्रयत्न भयंकर फसला. 19 नोव्हेंबर 1942 च्या रात्री ब्रिटिश सैनिकांना घेऊन दोन ग्लायडर, म्हणजे दुसऱ्या विमानाने ओढत न्यायची बिनइंजिनाची विमानं, निघाले. दोन्ही कोसळले. त्यांना ओढणारं एक विमानही डोंगरावर आदळलं. जे वाचले त्यांना जर्मनांनी मारून टाकलं. एकूण 41 जीव गेले.

या ग्लायडरांची वाट पाहत चार नॉर्वेजियन आधीच हार्डांगरविद्दाच्या माळावर उतरले होते. पॉल्सन त्यांचा म्होरक्या. हेल्बर्ग आणि शेल्स्ट्रुप सोबत, शिवाय बिनतारी संदेश सांभाळणारा क्नुत हाउगलान. आता तिथेच थांबा, असा ब्रिटनहून निरोप आला. माळ कसला, बर्फाचं वाळवंट. शिधा संपला. दगडावरचं शेवाळ खरवडून उकळून खाल्लं. नाताळच्या तोंडावर पॉल्सनने एक रेनडिअर टिपला. मग त्यांनी मांस तर खाल्लंच, त्या जनावराच्या पोटातलं अर्धवट पचलेलं शेवाळसुद्धा सोडलं नाही. हिरवं काही मिळण्याचा तेवढाच मार्ग होता.

फेब्रुवारीत आणखी सहा जण पॅराशूटने उतरले. म्होरक्या योआकिम रोन्नेबर्ग, वय 23.

कारखान्यात शिरायला घळीवरचा एक झुलता पूल. त्यावर जर्मन पहारा. घळीतून कोणी येईल हे पहारेकऱ्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं. कोंढाण्याची गोष्ट ऐकत वाढलेल्यांना पुढचं सांगायला नको. घोरपड मात्र इथे नव्हती, झाडं होती. वरून काढलेल्या फोटोंत घळीच्या उतारावर एके ठिकाणी झाडं दिसत होती. जिथे झाड तगतं तिथे माणसाचा पाय ठरतो, हा हिशेब. हेल्बर्ग दिवसाउजेडी जाऊन वाट बघून आला. तो आणि पॉल्सन दोघेही र्युकानचेच. हा उतार त्यांच्या गावचा होता.

27 फेब्रुवारी 1943 च्या रात्री नऊ जण घळीत उतरले, अर्धवट गोठलेली मोना नदी ओलांडली आणि पलीकडचा कडा चढून रेल्वेरुळांवर आले. रोन्नेबर्ग आणि फ्रेडरिक काइसर केबलच्या अरुंद बोगद्यातून सरपटत आत गेले.

आत एक नॉर्वेजियन कामगार रात्रपाळीला होता. काइसरने त्याच्यावर पिस्तूल रोखलं. रोन्नेबर्ग जड पाण्याच्या 18 टाक्यांना स्फोटकं बांधू लागला. वात पेटवायची वेळ आली आणि कामगार म्हणाला, माझा चष्मा कुठे गेला? युद्धात नवा चष्मा मिळणं मुश्कील. रोन्नेबर्गने हातातलं काम टाकून टेबलावर शोधाशोध केली आणि चष्म्याचं घर त्याच्या हातात दिलं. पुन्हा वात पेटवायला वळतो, तोच तो म्हणतो, अहो, यात चष्मा नाहीये! पुन्हा शोध. चष्मा सापडला. मग वात पेटली, तीस सेकंदांची.

स्फोटाचा आवाज यंत्रांच्या घरघरीत जेमतेम बाहेर आला. एक जर्मन शिपाई टॉर्च घेऊन डोकावला, इकडेतिकडे पाहून परत गेला. सुमारे 500 किलो जड पाणी गटारात वाहून गेलं होतं. गोळी एकही झाडली गेली नाही. पाच जण स्कीवरून थेट स्वीडनला पोचले. मागावर हजारो सैनिक होते.

1965 साली हॉलीवूडच्या कर्क डग्लसला घेऊन याच मोहिमेवर रंगीत, भव्य सिनेमा निघाला. त्यात प्रेमप्रकरणही आलं. बघायला मजा येते, नाही असं नाही. पण या जुन्या सिनेमातल्या माणसांच्या चेहऱ्यावर फारसं काही उमटत नाही, ते मला जास्त पटतं. त्या रात्रीही ते असेच दिसत असणार.

काही महिन्यांत कारखाना पुन्हा सुरू झाला. नोव्हेंबर 1943 मध्ये अमेरिकन विमानांनी बॉम्ब टाकले, त्यात वीसहून जास्त नॉर्वेजियन नागरिक मेले. जर्मनांनी मग उरलंसुरलं जड पाणी जर्मनीला हलवायचं ठरवलं. आधी रेल्वे, मग तिन्शो तलावातून फेरीबोट. रोन्नेबर्गच्या तुकडीतला क्नुत हाउकेलिद मागे राहिला होता. बोटीच्या तळाशी घड्याळाचा बॉम्ब त्याने लावला. बोटीत रविवारी सकाळी निघालेले गावातले लोक असणार, हे त्याला ठाऊक होतं. कोणाला सावध केलं असतं, तर बेत फुटला असता.

20 फेब्रुवारी 1944. बोट तलावाच्या सगळ्यात खोल भागावर असताना बुडाली. 18 जण गेले, त्यातले 14 नॉर्वेजियन.

ती बोट अजून तिथेच आहे, चारशेहून जास्त मीटर खाली. साठेक वर्षांनी पाणबुड्या यंत्राने तळातून एक पिंप वर आणलं. त्यावरचा क्रमांक वाचता येत होता, 26. पिंपाचं बूच अजून घट्ट होतं. ते उघडून आतलं पाणी तपासलं, तेव्हा जड पाण्याचं प्रमाण जर्मनांच्या यादीत 26 क्रमांकासमोर लिहिलेल्या आकड्याशी जुळलं.