पाइपमागचा पिंपळ

हा पिंपळ बघा. वाशीतली जुनी सिडकोची बिल्डिंग, तिसरा मजला, बाथरूमच्या पाइपमागे उगवलाय. पक्षी काय, बिया सगळ्या भिंतीवर टाकतात, पण रुजतात कुठे, तर जिथे लीकेज आहे, प्लॅस्टर फुगलंय तिथेच, आणि एकदा रुजला की मुळं ती फट अजून रुंद करतात, मग पाणी अजून झिरपतं, मग सोसायटीची मीटिंग.

प्रोस्टेटच्या कॅन्सरचं बरंचसं असंच आहे. मूत्राशयाच्या खाली अक्रोडाएवढी ही ग्रंथी, आत बारीक बारीक नळ्या, आणि कॅन्सर बहुतेक वेळा या नळ्यांच्या अस्तराच्या पेशींत सुरू होतो. डॉक्टर बघतात तेही त्याच नळ्यांकडे, १९६६ पासून चालत आलेला ग्लीसन स्कोअर, म्हणजे कॅन्सर किती आक्रमक आहे ते सांगणारा आकडा, नळ्यांच्या रचनेवरूनच ठरतो. पण मायक्रोस्कोपखाली स्लाइडवर त्यांच्या मधे जो गुलाबी भाग दिसतो ना, स्ट्रोमा, म्हणजे स्नायू, कोलॅजन नावाचे प्रथिनाचे धागे, रक्तवाहिन्या आणि फायब्रोब्लास्ट नावाच्या पेशी, तो नुसता भराव नाहीये. पोटातल्या बाळाची प्रोस्टेट बनताना टेस्टोस्टेरॉनचा निरोप आधी या आजूबाजूच्या पेशी घेतात आणि मग त्या अस्तराला सांगतात, चला, नळ्या करा.

मग १९९९ मध्ये अमेरिकेत एक प्रयोग झाला, मला तर हा भारीच वाटतो. प्रोस्टेटच्या अर्धवट बिघडलेल्या, पण स्वतःहून गाठ न करणाऱ्या पेशी घेतल्या, काहींसोबत निरोगी प्रोस्टेटमधले फायब्रोब्लास्ट मिसळले, काहींसोबत कॅन्सरच्या गाठीतले, आणि उंदरांत सोडल्या. निरोगी शेजारी मिळालेल्या पेशी गप्प राहिल्या. गाठीतले शेजारी मिळाले तिथे मात्र मोठ्या गाठी झाल्या. आणि हो, अस्तराच्या पेशी पूर्ण नॉर्मल असतील तर त्याच बिघडलेल्या शेजाऱ्यांनीही कॅन्सर झाला नाही, म्हणजे बी पण लागतंच.

उलटंही होतं, कॅन्सरच्या पेशी टीजीएफ-बीटासारखे सिग्नल सोडतात आणि शेजारचे फायब्रोब्लास्ट जखम भरायला लागल्यासारखे कामाला लागतात, कोलॅजन टाकत बसतात, जखम मात्र कधी भरतच नाही. मुळांनी फट रुंद करावी तसंच की हे.

मग स्ट्रोमाच उडवून टाकायचा का? स्वादुपिंडाच्या कॅन्सरमध्ये उंदरांवर हे करून बघितलं, २०१४ मध्ये, तर कॅन्सर अजून आक्रमक झाला, कारण स्ट्रोमाचा काही भाग त्याला अडवूनही धरत होता. म्हणून आता सरसकट फोडाफोडी नाही, कुठल्या पेशी साथ देतायत आणि कुठल्या अडवतायत ते वेगळं काढायचं काम चाललंय.

आमच्या पिंपळाचं म्हणाल तर शेंडा दोनदा तोडून झाला, दोन्ही वेळा पावसाळ्यात परत आला. आता प्लंबर आधी पाइप बदलणारेय.