सात वचनं, वीस मिनिटं

[दृश्य: पहाटेची वेळ. वसईतलं एक घर. भिंतीवरच्या फळीवर क्रूस, मरियेची तसबीर, शेजारी जाडजूड बायबल.]

वसईतल्या बहुतेक कॅथलिक घरांत बायबल असतं. लग्नात नाहीतर पहिल्या ख्रिस्तप्रसादाला भेट आलेलं असतं. क्रूसाशेजारी त्याची जागा ठरलेली असते, धूळही पुसली जाते. उघडलं मात्र फारसं जात नाही. संध्याकाळची रोझरी, म्हणजे जपमाळ, होते, रविवारची मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, चुकत नाही, नऊ दिवसांची नोव्हेना प्रार्थना तर तोंडपाठ. आणि तरीही तक्रार असते: ओठ प्रार्थना म्हणतात, मन भलतीकडेच असतं.

या तक्रारीवरचा ख्रिस्तसभेतला इलाज फार जुना आहे. त्याचं लॅटिन नाव लेक्सिओ दिविना, म्हणजे पवित्र वाचन. सहाव्या शतकात संत बेनेडिक्टने मठवासीयांसाठी नियमावली लिहिली. तिच्या 48व्या प्रकरणात अंगमेहनतीच्या तासांबरोबर वाचनाचे तासही नेमून दिले आहेत. पुढे बाराव्या शतकात फ्रान्समधल्या ग्रांद शार्त्रुझ मठाचे प्रमुख दुसरे गिगो यांनी एका बंधूला लिहिलेल्या पत्रात या वाचनाच्या चार पायऱ्या मांडल्या: वाचन, मनन, प्रार्थना आणि निःशब्द ध्यान. त्यांनी उपमा दिली जेवणाची. वाचन म्हणजे घास तोंडात घेणं, मनन म्हणजे तो चावणं, प्रार्थनेत त्याची चव उतरते, आणि ध्यान म्हणजे तो गोडवाच. आपलं बहुतेकांचं बिनसतं ते दुसऱ्या पायरीवर. घासावर घास घेतो, चावत नाही.

[दृश्य: टेबलावर उघडलेलं बायबल. बोट अनुक्रमणिकेवरून फिरतं.]

आधी पुस्तक बघून घ्या. कॅथलिक बायबलमध्ये 73 पुस्तकं असतात, जुन्या करारात 46 आणि नव्यात 27. अनुक्रमणिकेत तोबीत, बारूख, मक्काबी ही नावं नसतील, तर तुमच्या हातात 66 पुस्तकांची प्रोटेस्टंट आवृत्ती आहे. शुभवर्तमानं, म्हणजे येशूचं जीवन सांगणारी चार पुस्तकं, दोन्हींत तीच आहेत, त्यामुळे सुरुवात अडत नाही. पण मिस्सेतली काही वाचनं त्यात सापडणार नाहीत. दुसरी एक गफलत स्तोत्रांच्या क्रमांकांची. लॅटिनवर आधारलेल्या जुन्या प्रार्थनापुस्तकांत बरीच स्तोत्रं एका आकड्याने मागे असतात. पश्चात्तापाचं 51वं स्तोत्र तिथे 50वं म्हणून छापलेलं दिसेल. पुस्तक चुकलेलं नाही, मोजणी वेगळी आहे.

भाषा सोपी हवी असेल, तर फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं ‘सुबोध बायबल’ आजच्या मराठीत आहे. प्रार्थनेसाठी भाषांतर कुठलंही घ्या, पण वर्षभर एकच ठेवा. रोज बदललंत तर मन शब्दांची तुलना करण्यातच गुंतून राहील.

आणि उत्पत्तीपासून प्रकटीकरणापर्यंत सलग वाचायचा संकल्प नकोच. उत्साहाने सुरू झालेलं असलं वाचन बहुधा लेवीय पुस्तकातल्या यज्ञांच्या नियमांपाशी येऊन बंद पडतं. मार्कचं शुभवर्तमान घ्या. चौघांत सगळ्यात छोटं, 16 अध्यायांचं. किंवा त्या त्या दिवशीच्या मिस्सेचं शुभवर्तमान घ्या, म्हणजे निवडत बसायला नको. रविवारच्या वाचनांचं चक्र तीन वर्षांचं असतं: अ वर्षात मुख्यतः मत्तय, ब वर्षात मार्क, क वर्षात लूक.

डोळे मिटून पान उघडायचं, बोट ठेवायचं, आलेलं वचन म्हणजे देवाचा निरोप समजायचं, ही सवय सोडलेली बरी. ती प्रार्थना नाही, कौल लावणं आहे.

[दृश्य: खुर्ची, मेणबत्ती. मोबाइल दुसऱ्या खोलीत चार्जिंगला.]

वेळ वीस मिनिटं. पहाटे जमलं तर उत्तम, कारण घर अजून झोपलेलं असतं. विरारहून लोकल धरणाऱ्याला पहाट मिळत नसेल, तर रात्री जेवणाआधी बसा. जेवणानंतर डुलकी ठरलेली. उतारा पाच ते दहा वचनांचा, त्याहून मोठा नको. आदल्या रात्रीच निवडून खूण घालून ठेवा. उताऱ्याखाली टीप असेल, तर तीही रात्रीच वाचून टाका. प्रार्थनेत टिपा वाचायला लागलं की अभ्यास सुरू होतो. अभ्यास चांगलाच आहे, पण त्याची वेळ वेगळी.

आता एक उतारा घेऊन बसू. मार्क, अध्याय 10, वचनं 46 ते 52. यरीहोचा आंधळा भिकारी बार्तीमय. सात वचनं.

पहिली दोन मिनिटं काहीच वाचायचं नाही. पाठ सरळ, पाय जमिनीवर. क्रूसाची खूण करा, पवित्र आत्म्याला एका वाक्यात बोलवा, श्वास संथ होऊ द्या.

मग पहिलं वाचन, हलक्या आवाजात, पण आवाजात. मठांतले लोक असंच वाचत. आपल्याकडेही ख्रिस्ताची कथा मराठीत आली ती म्हणायच्या रूपात. फादर थॉमस स्टीफन्स यांचं ख्रिस्तपुराण 1616 साली गोव्यातल्या राशोलला छापलं गेलं, ते ओवीबद्ध आहे, आणि ओवी म्हणायची असते. मोठ्याने वाचताना वाक्य गाळता येत नाही, एवढा एक फायदा पुरेसा आहे. पहिल्या वाचनात नुसतं काय घडलं ते बघा. येशू शिष्यांबरोबर यरीहोतून निघतो आहे. मोठी गर्दी आहे. रस्त्याच्या कडेला एकजण बसलेला आहे. तो ओरडतो, लोक दटावतात, तो आणखी मोठ्याने ओरडतो. येशू थांबतो.

दुसरं वाचन याहून संथ. आता कुठला शब्द अडतो ते पाहायचं. शोधायचा नाही, अडू द्यायचा. कुणाला ‘गप्प बस’ हे दटावणं लागेल. कुणाला ‘थांबला’ हा एकच शब्द. समजा, पन्नासावं वचन अडलं: त्याने अंगावरचं वस्त्र टाकून दिलं आणि उडी मारून उठला.

इथे थांबा, पुढे जाऊ नका. हेच मनन. ते वस्त्र काय होतं? गरिबाचं पांघरूण. बायबलमधल्या निर्गम या पुस्तकाच्या 22व्या अध्यायात नियमच आहे की गरिबाचं वस्त्र गहाण घेतलंत, तर सूर्यास्ताआधी परत करा, कारण रात्री त्याला दुसरं पांघरायला नाही. बार्तीमयाजवळ बहुधा तेवढीच मालमत्ता होती. दिसत तर नव्हतंच, म्हणजे टाकलेलं वस्त्र गर्दीत पुन्हा चाचपडून शोधावं लागलं असतं. तरी टाकलं. याच अध्यायात, थोडं आधी, एक श्रीमंत माणूस येशूकडे येतो आणि खिन्न होऊन परत जातो, कारण त्याच्याकडे पुष्कळ मालमत्ता होती. दोघांना शेजारी ठेवून बघा.

आणि मग प्रश्न आपल्याकडे वळवायचा: मी काय अंगाभोवती घट्ट धरून बसलो आहे? उत्तराला फार वेळ लागत नाही. धाकट्या भावाशी बांधावरून चाललेलं भांडण, कुणी केलेला अपमान, लोकांत असलेलं नाव. उत्तर आलं नाही, तर तेच वाक्य पुन्हा हळू म्हणत राहा. उत्तर आणलंच पाहिजे, असं नाही.

तिसरं वाचन झालं की बोलायचं. येशूचा प्रश्न तिथेच आहे: मी तुझ्यासाठी काय करावं, अशी तुझी इच्छा आहे? गंमत अशी, की हाच प्रश्न त्याने पंधरा वचनं आधी याकोब आणि योहान यांनाही विचारला होता. त्यांनी वैभवात उजव्या-डाव्या हाताची आसनं मागितली. आंधळ्याने दृष्टी मागितली. तुम्ही काय मागता ते सरळ सांगा, छापील प्रार्थनेच्या भाषेत नको. घरात सामवेदी बोलत असाल तर सामवेदीत, वाडवळी बोलत असाल तर वाडवळीत. राग आला असेल तर रागसुद्धा सांगा. स्तोत्रं लिहिणाऱ्यांनी देवापुढे काय काय बोलून ठेवलंय, ते एकदा वाचा, म्हणजे भीड चेपेल.

[दृश्य: मेणबत्तीची ज्योत. काही सेकंद निवेदन थांबतं.]

शेवटची चार मिनिटं बोलणं बंद. प्रभू समोर आहे आणि मी त्याच्यासमोर आहे, एवढंच. लक्ष भरकटलं की अडलेलं वचन एकदा मनात म्हणायचं आणि परत यायचं. लक्ष भरकटणं हे अपयश नव्हे. चिडून स्वतःला बोल लावत बसणं मात्र दुसरं भरकटणं ठरतं. एखादा विचार पुन्हा पुन्हा येतच असेल, मुलाची ॲडमिशन, थकलेला हप्ता, तर त्याला हाकलू नका. तोच प्रार्थनेत घ्या. बार्तीमयसुद्धा आपली अडचणच ओरडून सांगत होता.

पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी 2010 सालच्या ‘वर्बुम डोमिनी’ या देवाच्या वचनावरच्या लेखनात, हे वाचन कृतीपर्यंत पोहोचल्याशिवाय पूर्ण होत नाही, असं म्हटलं. ही कृती लहान आणि आजची ठेवा. ‘मी प्रेमळ होईन’ हा संकल्प संध्याकाळपर्यंत विरून जातो. ‘भावाला आज फोन करीन’ याचा रात्री हिशेब देता येतो. उठण्याआधी वहीत तारीख, वचन आणि दोन ओळी लिहा. दोनच. पानभर लिहायला लागलात तर ते वहीसाठी लिहिणं होतं.

दुसऱ्या दिवशी नवा उतारा घ्यायची घाई नको. संत इग्नेशियस लोयोला यांच्या पद्धतीत पुनरावृत्तीला मोठं स्थान आहे. जिथे समाधान मिळालं किंवा जिथे मन आडमुठेपणा करून बसलं, तिथेच परत जायचं. बार्तीमयाची सात वचनं तीन दिवस आरामात पुरतात.

सगळ्यात जास्त लोक गळतात ते कोरडेपणा आला की. पहिले काही आठवडे डोळ्यांत पाणी येतं, मग अचानक काहीच वाटेनासं होतं. लोक समजतात, आपलं काहीतरी चुकलं, किंवा देव रुसला. कधी कारण साधं असतं: जागरण, दुखणं, न मिटवलेलं भांडण, किंवा वेळ रोज पाच-पाच मिनिटांनी कमी होत गेलेला. कधी कारण सापडतच नाही. इग्नेशियसचा सल्ला इथे अगदी व्यवहारी आहे. अशा काळात आधी केलेला निश्चय बदलायचा नाही, आणि ठरलेली वेळ पुरी करून वर थोडी जास्त द्यायची. वीस मिनिटं ठरली असतील तर बावीस बसायचं. आविलाची संत तेरेजा प्रार्थनेच्या आचार्या मानल्या जातात, पण हाताशी पुस्तक असल्याशिवाय प्रार्थनेला बसायचं धाडस आपल्याला कित्येक वर्षं होत नव्हतं, असं त्यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे. तेव्हा कोरड्या दिवशी पुस्तक उघडं ठेवा, एकेक ओळ वाचा, थांबा, पुन्हा वाचा. महिनोन्‌महिने मन काळवंडलेलं असेल, झोप-भूक उडाली असेल, तर मात्र हा कोरडेपणा नाही. फादरांशी बोला आणि डॉक्टरांकडेही जा.

[दृश्य: गल्लीतल्या क्रूसापुढे संध्याकाळची रोझरी. हातांतले मणी.]

रोझरी सोडायची का? अजिबात नाही. पण आपल्या सामूहिक रोझरीत एका बाजूचं ‘नमो मरिये’ संपायच्या आत दुसरी बाजू सुरू झालेली असते. 53 वेळा मरियेचं नाव घेतलं जातं आणि रहस्य, म्हणजे येशू-मरियेच्या जीवनातला मननासाठी घेतलेला प्रसंग, कोणतं होतं, ते कुणाला आठवत नाही. पोप जॉन पॉल दुसरे यांनी 2002 साली एका पत्रातून प्रकाशाची पाच रहस्यं जोडली. त्याच पत्रात त्यांनी सुचवलं, की रहस्य जाहीर केल्यावर त्यावरचं शास्त्रवचन वाचावं आणि थोडं शांत राहावं. अवघड काहीच नाही. सोमवार आणि शनिवारच्या आनंदाच्या रहस्यांची पाचही वचनं लूकच्या पहिल्या दोन अध्यायांत आहेत, म्हणजे एकच खूण पुरते. प्रत्येक रहस्याला दोन वचनं आणि दहा श्वासांची शांतता धरली, तर रोझरी पाचेक मिनिटांनी लांबते. कुरकुर होईल. होऊ द्या.

महिन्याच्या पहिल्या शुक्रवारच्या आराधनेचंही थोडं असंच झालंय. पवित्र साक्रामेंत, म्हणजे ख्रिस्तप्रसादाची भाकर, वेदीवर, आणि समोर तासभर माइक. गाणं, लिटनी म्हणजे सवाल-जवाबाची विनवणी, पुन्हा गाणं. तासातली निदान पंधरा मिनिटं माइक बंद ठेवला, तर लोक कंटाळतील ही भीती असते. पहिल्यांदा कंटाळतातही. त्या शांततेआधी शुभवर्तमानाची तीन-चार वचनं सावकाश वाचून दिली, की मनाला धरायला काहीतरी मिळतं.

[दृश्य: चर्चच्या हॉलमध्ये गोल मांडलेल्या खुर्च्या.]

धर्मग्रामात, म्हणजे आपल्या चर्चच्या परिसरात, गट करायचा असेल, तर सहा ते आठ जण, पाऊण तास. येत्या रविवारचं शुभवर्तमान घ्या. तीन जणांनी तीनदा वाचायचं, प्रत्येक वाचनानंतर तीन मिनिटं शांतता. मग एकेकाने, आपल्याला अडलेला शब्द आणि त्याबद्दल फार तर दोन वाक्यं सांगायची. कुणी कुणाला उत्तर द्यायचं नाही, सल्ला द्यायचा नाही, ‘बरोबर बोललात’ असंही म्हणायचं नाही. ज्याला बोलायचं नसेल, त्याने नुसतं ‘पुढे’ म्हणावं. शेवटी ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ म्हणून घरी. प्रत्येक गटात एखादा तरी प्रवचन सुरू करणारा निघतोच. त्याला थांबवण्याची एकच सभ्य रीत आहे: गटप्रमुखाने बायबल उचलावं आणि उतारा पुन्हा पहिल्या वचनापासून वाचायला घ्यावा.