दुपारची वीज, रात्रीचा दिवा

[छत, भर दुपार]
दुपारचे बारा. पॅनेलवरचं ऊन डोळ्यांना सोसत नाही. खाली घर रिकामं. फ्रिज तेवढा घरघरतोय. सगळ्यात जास्त वीज तयार होते ती याच वेळी, आणि वापरायला घरात माणूस नाही.

[तेच घर, संध्याकाळ]
सात वाजले. दिवे, पंखे, टीव्ही, मिक्सर, सगळं एकदम सुरू. आणि छतावर काळोख.

दुपारची वीज सातपर्यंत सांभाळायची कशी, ते या बॅटरी बनवणाऱ्या कार्यशाळेत दिसतं.

[सेलची रांग]
हे निळे ठोकळे म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेटचे सेल. इथे सगळे एलएफपी म्हणतात. एक सेल ३.२ व्होल्टचा. कारागीर प्रत्येकाला मीटर लावून एकसारखे सोळा निवडतोय. त्यात एक जरी कमजोर निघाला, तरी तोच आधी रिकामा होणार आणि बाकी पंधरांना त्याच्यापायी थांबावं लागणार. म्हणून ही निवड घाईत होत नाही.

[तांब्याच्या पट्ट्या, नट आवळणारे हात]
सोळा सेल एका माळेत जोडले की ५१.२ व्होल्ट होतात. सेल १०० अँपिअर-अवर क्षमतेचे असतील, तर या पेटीत साधारण पाच युनिट मावतात. दिवे, पंखे, फ्रिज मिळून ४०० वॉट धरले तर, थोडी वीज वाटेत वाया जाते हे धरूनही, रात्रीचे दहा-अकरा तास निघतात. दोन हजार वॉटचा गीझर लावलात, तर जेमतेम सव्वादोन तास.

प्रत्येक नट ठरल्या जोरानेच आवळायचा. ढिला राहिला की जोड तापतो. रेंचचा हा ‘टक’ आवाज आम्ही मुद्दाम तसाच ठेवलाय.

[सर्किट, जवळून]
हा बीएमएस, म्हणजे बॅटरीवर देखरेख करणारं सर्किट. प्रत्येक सेलचं व्होल्टेज आणि पेटीचं तापमान यावर त्याची नजर असते. काही बिनसलं की आधी पुरवठा तोडतो.

[कोपऱ्यातली जुनी बॅटरी]
ही शिसं-आम्लाची. गास्तों प्लांते यांनी १८५९ मध्ये तयार केलेल्या बॅटरीची वंशज. निम्म्याखाली वारंवार उतरवली की लवकर थकते, वर पाणी घालत बसायचं. तरी इतकी वर्षं घराघरांत इन्व्हर्टर चालवले ते हिनेच.

[छापखाना]
धंद्याचं गणित थोडं निराळं. बऱ्याच ठिकाणी बिल नुसत्या युनिटवर ठरत नाही. महिन्यातला सगळ्यात मोठा भारही त्यात धरतात. सगळी यंत्रं एकदम सुरू झाली की त्या काही मिनिटांचा जादा भार बॅटरी उचलते आणि मीटरवरचा आकडा खाली राहतो.

[इन्व्हर्टर]
एक गोष्ट अनेकांना पॅनेल बसवल्यावर कळते. पॅनेलची वीज घरात आणि बाहेरच्या वीजजाळ्यात देणारा साधा ऑनग्रिड इन्व्हर्टर बाहेरची वीज गेली की स्वतःही बंद पडतो, भर उन्हात. तारेवर काम करणाऱ्या लाइनमनला छतावरून उलटी वीज जाऊ नये, यासाठी ही सोय. बॅटरी आणि बॅकअप देणारा हायब्रीड इन्व्हर्टर असेल, तर घर जाळ्यापासून सुटं होऊन चालू राहतं.

पैसे आधी मोजावे लागतात, आणि हजारो वेळा भरून-रिकाम्या होऊन थकलेल्या पेट्यांचं पुढे काय, हेही पाहावं लागेल.

[रात्र, रस्ता]
चित्रीकरण चालू असतानाच वीज गेली. डावीकडची तिसरी खिडकी बघा.

[निवेदन थांबते. खिडकी दिसत राहते.]