ते सुट्टीवर येईपर्यंत थांबू नका

नमस्कार, श्रोतेहो. आज बोलायचंय ते ज्यांचे मालक मिलिटरीत आहेत आणि ज्या लेकरं घेऊन गावी राहतात, त्या मायबहिणींशी. सातारा, सांगली, कोल्हापूरकडे अशी घरं वाडीवाडीत आहेत. अपशिंगे मिलिटरीसारख्या गावात तर पिढ्यान् पिढ्या.

या घरांत एक वाक्य सारखं कानावर पडतं, "ते सुट्टीवर आले की बघू." दाढ ठणकते, अंगावरून जास्त जातं, पाण्याची कळशी उचलली की धाप लागते, तरी सगळं सुट्टीवर ढकललं जातं. जवानाची वार्षिक रजा ६० दिवसांची; ती बहुधा तुकड्यातुकड्यांनी मिळते. त्यातले काही दिवस गाडीत जातात, मग पाहुणे, जत्रा, भावकीतलं लग्न, शेतातलं अडलेलं काम. बायकोचं दुखणं राहतं ते राहतंच. म्हणून सांगते, बायांनो, ज्या तपासणीला त्यांची सही लागत नाही, ती त्यांच्या सुट्टीसाठी अडवून ठेवू नका.

पहिलं काम रक्ताचं. प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन हिमोग्लोबिन बघून घ्या. गरोदर नसलेल्या बाईचं ते १२ च्या खाली असलं की रक्त कमी आहे असं समजायचं, गरोदरपणी ११ च्या खाली. ८ च्या खाली आलं तर तो दिवस उद्यावर टाकू नका, डॉक्टरांना गाठा. लोहाच्या गोळ्या मिळतात, पण घरोघर त्या अर्ध्यातच सुटतात. का सुटतात? सकाळी उपाशीपोटी गोळी घेतली की मळमळतं. वर लगेच चहा प्यायला की चहामुळं लोह अंगी लागत नाही. शौचाला काळं झालं की आत्याबाई घाबरतात आणि गोळ्या फडताळात जातात. काळं होणं हे गोळीमुळंच असतं, त्यात भ्यायचं कारण नाही. गोळी रात्री जेवल्यावर घ्या, सोबत लिंबू पिळलेलं पाणी किंवा आवळ्याची फोड. चहा, दूध आणि कॅल्शियमची गोळी यांच्यात नि लोहाच्या गोळीत दोन तासांचं अंतर ठेवा. महिन्याभरात तरतरी आली म्हणून थांबवू नका; अंगातला साठा भरायला पुढेही काही महिने लागतात. कधी थांबायचं ते डॉक्टरांना ठरवू द्या.

वयाची तिशी ओलांडली असेल तर त्याच फेरीत रक्तदाब, साखर, स्तन आणि गर्भाशयाच्या तोंडाची तपासणीही विचारा. ती शेवटची तपासणी काही मिनिटांत होते. पाळीचे दिवस तेवढे टाळा. लाज वाटते हे खरं, म्हणून आशाताईंना किंवा जाऊबाईंना सोबत घ्या.

आता झोप. हे फिल्डवर असले की फोन कधी येईल याचा नेम नसतो. उशाशी मोबाइल ठेवून बाई बारा-बारापर्यंत जागी राहते, स्क्रीन उजळली की दचकून उठते, आणि पहाटे पाचला पुन्हा चूल, डबे, जनावरं. महिनाभर असं झालं की चिडचिड लेकरांवर निघते. दोघांनी आधीच ठरवून घ्या: साडेनऊपर्यंत फोन आला नाही, तर नेटवर्क नाही किंवा ड्यूटी आहे असं धरायचं आणि निजायचं. मोबाइल आवाज मोठा करून पलीकडच्या फळीवर ठेवा. संध्याकाळी पाचनंतर चहा नको. आणि सांगायच्या गोष्टी दिवसभरात वहीत टिपून ठेवा, कारण चार मिनिटांचा फोन "बरं आहे ना, जेवलीस ना" यातच संपतो आणि मग रात्रभर राहिलेलं आठवत बसतो आपण.

सीमेवर तणाव असला की टीव्ही बंद. मे २०२५ मध्ये ऑपरेशन सिंदूरच्या दिवसांत व्हॉट्सॲपवर काय काय फिरलं ते आठवा. घरासाठीची खरी बातमी युनिटकडून येते. संध्याकाळी एकदा आकाशवाणीच्या बातम्या ऐका, तेवढं पुरे. मालक कुठं आहेत, गाडी कधी निघाली, हे स्टेटसला टाकू नका.

मनाविषयी मात्र थोडं थांबून बोलायला हवं. बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी रडू येतं. ते बहुतेकींचं दोन आठवड्यांत निवळतं. त्यापुढेही रडू थांबत नसेल, बाळाला घ्यावंसं वाटत नसेल, बाळ झोपलेलं असूनही डोळा लागत नसेल, तर त्याला नजर लागली म्हणून मीठमोहऱ्या उतरून भागत नाही. तो आजार आहे आणि औषधानं, बोलण्यानं तो बरा होतो. बाळंतीण नसलात तरी दोन आठवडे जेवण जात नाही, कशात जीव रमत नाही, असं झालं तर १४४१६ हा टेलीमानसचा, म्हणजे मनाच्या आजारांसाठीच्या सरकारी फोनसेवेचा नंबर लावा. पैसे पडत नाहीत, दिवसरात्र चालू असतो, मराठीत बोलता येतं. सैन्यदलातल्या माणसांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी याच सेवेचा वेगळा कक्ष पुण्याच्या सशस्त्र दल वैद्यकीय महाविद्यालयात डिसेंबर २०२३ पासून आहे. जीव नकोसा झाल्याचा विचार एकदा जरी आला, तरी दोन आठवडे मोजत बसू नका. त्याच घटकेला फोन करा आणि घरातल्या कुणाला तरी जवळ बसवा.

बांधाच्या भांडणानं खचलेल्या बायका खूप आहेत. एकटीनं तलाठ्याकडे खेटे घालण्यापेक्षा मालकांना युनिटमधून जिल्हाधिकाऱ्यांच्या नावे अर्ज पाठवायला सांगा, आणि त्याची प्रत घेऊन जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा.

आणि खरोखर त्यांच्याशिवाय अडतं ते कागदाचं. लग्नाची आणि प्रत्येक लेकराच्या जन्माची नोंद पार्ट टू ऑर्डरनं, म्हणजे युनिटनं काढलेल्या नोंदीच्या आदेशानं, त्यांच्या रेकॉर्डला चढावी लागते. ती नसेल तर लेकराचं डिपेंडंट कार्ड, म्हणजे जवानावर अवलंबून असल्याचं ओळखपत्र, अडतं, आणि मिलिटरी हॉस्पिटलच्या खिडकीवर ताप आलेलं पोर कडेवर घेऊन वाद घालायची वेळ येते. सगळ्यात जास्त घोळ नावाचा होतो. रेकॉर्डला सुनीता, आधारला सुनिता. जन्मतारीख शाळेच्या दाखल्यावर एक, आधारवर दुसरी. आज रात्री आधार, लग्नाचा दाखला, बँक पासबुक आणि डिपेंडंट कार्ड शेजारीशेजारी ठेवून एकेक अक्षर ताडून बघा. चूक सापडली तर फोटो काढून मालकांना पाठवा, म्हणजे ते युनिटच्या क्लार्कला विचारून लागणारे कागद आधीच सांगतील. सुट्टीच्या पहिल्या चार दिवसांत बँक आणि हे कागद उरकायचे; पाहुणे पाचव्या दिवसापासून.

एका जाड कागदावर त्यांचा आर्मी नंबर, हुद्दा, युनिट, एपीओचा (सैन्याच्या पोस्टाचा) पत्ता, युनिटचा फोन आणि रेकॉर्ड ऑफिसचं, म्हणजे त्यांच्या नोकरीच्या नोंदी ठेवणाऱ्या कचेरीचं, ठिकाण लिहा. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं ते बेळगावला आहे. घरात कुणी अत्यवस्थ झालं तर हाच कागद हाताशी लागतो. तो कपाटाच्या दाराला आतून चिकटवा आणि मामंजींनाही दाखवून ठेवा.

ते परत निघतील त्या संध्याकाळी घरात एकट्या राहू नका. बहिणीला किंवा शेजारणीला आधीच जेवायला बोलावून ठेवा, आणि त्या दिवशी भाकरी तिला थापू द्या.

नमस्कार.