बंद दाराआड साचलेला वायू

(दृश्य: ॲरिझोनातलं मोकळं माळरान, कुंपण, आत एकच खिडकीविना बांधकाम)

निवेदन:
१९ एप्रिल २०१९. अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यातलं सरप्राईज शहर. इथल्या मॅकमिकन वीज साठवण केंद्रात लिथियम-आयन बॅटऱ्यांचे २७ रॅक होते. एकूण १०,५८४ सेल, म्हणजे बॅटरीचे सुटे घटक. संध्याकाळी पाचच्या सुमारास त्यातला एक बिघडला. आग विझवणारा वायू आपोआप फवारला गेला. पण या आगीवर तो उतारा नव्हता.

सेल एका मर्यादेपलीकडे तापला, की आतल्या रासायनिक क्रियाच त्याला आणखी तापवतात. मग शेजारचा सेल, मग त्याच्या शेजारचा. याला म्हणतात थर्मल रनअवे. शिवाय बिघडलेला प्रत्येक सेल हायड्रोजन, कार्बन मोनॉक्साइड असे ज्वलनशील वायू सोडत राहतो. त्या खोलीत हे वायू साचत गेले. बाहेर पडायला त्यांना पुरेशी वाटच नव्हती.

(दृश्य: अग्निशमन गाड्या, पोशाख चढवणारे जवान)

वर्दी मिळाली, गाड्या पोहोचल्या. ज्वाळा कुठेच नाहीत. फक्त पांढरं धुकं, जमिनीलगत सरपटत चाललेलं. घातक रसायनांच्या घटना हाताळणाऱ्या पथकाचे जवान श्वसनयंत्र लावून, वायूमापक हातात धरून भोवती फिरले. हायड्रोजन सायनाइड आणि कार्बन मोनॉक्साइडचं प्रमाण धोकादायक होतं. त्यांनी वाट पाहिली. काही वेळाने आकडे उतरले. हे लक्षात घ्यायला हवं, कारण हे जवान उतावीळ नव्हते, शिकवल्याप्रमाणेच वागत होते.

रात्री आठच्या सुमारास त्यांनी दार उघडलं. दाट पांढरा वायू उंबऱ्यावरून बाहेर ओघळला. काही मिनिटांत स्फोट झाला. पथकाचा कॅप्टन २० मीटरहून लांब फेकला गेला. पथकातले चौघेही गंभीर जखमी झाले.

आकडे उतरले होते ते बाहेरच्या हवेतले. आत किती वायू आहे, हे दार न उघडता कळायची सोयच नव्हती. आणि अशा वेळी दार उघडावं की नाही, हे सांगणारी कार्यपद्धतीही हाताशी नव्हती.

(दृश्य: प्रशिक्षण वर्ग, फळ्यावर रॅकची आकृती)

जुलै २०२० मध्ये उत्पादनांची सुरक्षा तपासणाऱ्या यूएल संस्थेच्या अग्निशामक सुरक्षा संशोधन विभागाने या घटनेचा अहवाल दिला. लिथियम-आयनचे धोके जवानांच्या मूळ अभ्यासक्रमातच शिकवा, अधिकाऱ्यांनाही शिकवा, ही त्यातली मोठी शिफारस. आमच्या मते तीच सगळ्यात निकडीची आहे. जवानाची सवय आत शिरण्याची असते. दार बंद ठेवून लांब उभं राहण्याचा सराव मुद्दाम करून घ्यावा लागतो.

विजेवरच्या गाड्यांचंही तसंच. मार्च २०१८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या माउंटन व्ह्यू इथे अपघातात सापडलेल्या एका गाडीची बॅटरी पाच दिवसांनी, टोइंगच्या आवारात, पुन्हा पेटली. ज्वाळा विझल्या तरी खराब सेलमध्ये ऊर्जा अडकून राहते. म्हणून बॅटरी थंड करायला भरपूर पाणी मारायचं, थर्मल कॅमेऱ्याने तिचं तापमान पुन्हा पुन्हा बघायचं, आणि गाडी हलवल्यावर ती इतर गाड्यांपासून सुमारे १५ मीटर दूर ठेवायची. टोइंगवाल्यालाही हे सांगायचं, कारण पुढचे काही दिवस ती गाडी त्याच्याच आवारात असते.